जुन्या आउटबोर्डचा गिअर लावताना सुरुवात खालून करा

बोटीच्या मागे बसवलेल्या आउटबोर्ड मोटरीत गिअर टाकताना करकर आवाज आला की बहुतेकांचा हात आधी हँडलपासून गिअरपर्यंत जाणाऱ्या केबलकडे जातो. मी आधी खाली, पाण्यातल्या पंख्याजवळच्या गिअरपेटीतलं तेल पाहतो. खालचा स्क्रू जरा सैल करून थोडं तेल बोटावर घ्यायचं. राखाडी बारीक भुकटी चालते. धातूचे तुकडे बोटाला टोचले तर मात्र पाना खाली ठेवा, कारण आत काहीतरी तुटतंय आणि ते केबल फिरवून बरं होणार नाही. तेल दुधाळ असेल तर सीलमधून पाणी शिरतंय.

तेल ठीक असेल तर इंजिन बंद करा आणि स्पार्क प्लगच्या वायरी काढून ठेवा. पंखा हाताने फिरवायचा आहे, त्यामुळे इथे आळस नको.

आता केबल इंजिनाकडच्या गिअरच्या आर्मवरून सोडवा. बहुतेक मोटरींत ती एका पिनवर बसवलेली असते. मग एका हाताने पंखा हळूहळू फिरवत दुसऱ्या हाताने आर्म फॉरवर्डकडे सरकवा. पंखा फिरवत राहणं महत्त्वाचं, कारण डॉग क्लचचे (गिअर पंख्याच्या दांड्याशी जोडणाऱ्या दातेरी तुकड्याचे) दात गिअरच्या दातांवर समोरासमोर टेकले तर गिअर पडतच नाही आणि माणूस उगाच आर्मवर जोर काढतो. गिअर पहिल्यांदा धरतो तिथे पेन्सिलीने खूण करा. रिव्हर्सकडेही तसंच. दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये खरं न्यूट्रल. हँडलवर लिहिलेल्या ‘एन’वर जुन्या मोटरीत फार विसंबू नये, केबल आणि सांधे सैल झालेले असतात.

आर्म त्या मधल्या खुणेवर ठेवा, हँडल न्यूट्रलला आणा. केबलचं टोक आधी आत ढकला, मग बाहेर ओढा. जेवढी ढिलाई दिसेल तिचा मध्य धरा. त्या स्थितीत टोक पिनवर अलगद बसलं पाहिजे. ढकलावं किंवा ओढावं लागत असेल तर केबलवरचं पितळी बॅरल (आट्यांवर फिरून केबलची लांबी कमी-जास्त करणारा तुकडा) एकेक फेरा फिरवून पुन्हा बसवून पाहा. टोकाचा तुकडा आट्यांवर पुरेसा चढलेला असू द्या. दोन-तीन आट्यांवर लटकलेलं टोक मी तरी पाण्यात नेणार नाही.

मग तपासणी. न्यूट्रलमध्ये पंखा दोन्हीकडे मोकळा फिरला पाहिजे. फॉरवर्ड टाकून पंखा उलटसुलट फिरवून पाहा, निदान एका दिशेला तो ठाम अडला पाहिजे. फॉरवर्ड अर्धवट आणि रिव्हर्स पूर्ण पडत असेल तर बॅरल फिरवून थोडी ओढ फॉरवर्डकडे द्या. बोटीचा जास्तीत जास्त जोर फॉरवर्डवरच येतो. मात्र त्यापायी न्यूट्रलमध्ये पंखा ओढला जात नाही ना, हे पुन्हा पाहा. पटलं की लॉकनट आवळा, कॉटर पिन नवी घाला, पिनला जरासं ग्रीस.

पाण्यात चाचणी फक्त मंद वेगावर घ्या आणि गिअर एका झटक्यात टाका. जपून, हळूहळू टाकण्याची सवय चांगली वाटते, पण त्यानेच दात एकमेकांवर घासून झिजतात. एवढं करूनही थ्रॉटल वाढवताच फॉरवर्ड सुटत असेल, तर दातांच्या कडा गोल झाल्यात. गिअरपेटी उघडावीच लागेल.