वॉडकटर पेलेट आणि विस्कटलेला ग्रुप : या चुका टाळा

दहा मीटर एअर रायफल किंवा एअर पिस्तुलाचा सराव करणाऱ्या नवख्या नेमबाजाचा ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, विस्कटला, की तो आधी स्वतःच्या हाताला दोष देतो, मग ट्रिगरला, मग साइटला, आणि ज्या वस्तूने प्रत्यक्ष कागदाला भोक पाडले तिच्याकडे त्याचे लक्ष सर्वांत शेवटी जाते. नागपुरात गेली अनेक वर्षे मुलांना शिकवताना मी हा क्रम इतक्या वेळा पाहिला आहे, की आता कोणी गुण घसरल्याची तक्रार घेऊन आले तर मी आधी पेलेटचा, म्हणजे एअर गनच्या छोट्या शिशाच्या गोळ्यांचा, डबा मागतो.

वॉडकटरची, म्हणजे सपाट तोंडाच्या गोळीची, कल्पना मुळात रिव्हॉल्व्हरच्या लक्ष्यवेधातून रूढ झाली. .38 स्पेशल काडतुसातील 148 ग्रेनची, म्हणजे साधारण साडेनऊ ग्रॅमची, सपाट तोंडाची गोळी कागदातून पंचिंग मशीनसारखी स्वच्छ गोल चकती कापून जाते, तर टोकदार गोळी कागद फाडत जाते आणि गुण ठरवताना वाद होतो. परदेशात मॅग्नम रिव्हॉल्व्हर बाळगणारे काही जण अशा गोळ्या घरी ओततात आणि काडतुसे स्वतः भरतात. त्यांचे व्हिडिओ पाहून आपल्याकडची मुलेही तसे करता येईल का, असे विचारतात. शस्त्र अधिनियम 1959 नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गंभीर गुन्हा आहे, त्यामुळे तो विषय तिथेच संपतो. आपल्या हातात येणारे वॉडकटर म्हणजे 4.5 मिलिमीटरचे, कमरेत बारीक आणि मागून पोकळ असलेले शिशाचे पेलेट.

तेही घरी ओतण्याचा मोह काहींना होतो. चाकाच्या बॅलन्सिंगची जुनी वजने वितळवून साच्यात पेलेट पाडायचे, म्हणजे डब्याचा खर्च वाचेल, असा त्यांचा हिशेब असतो. हा हिशेब दोन्ही अंगांनी चुकतो. स्पर्धेचे पेलेट बहुधा ओतलेले नसतात, ते शिशाच्या तारेचे तुकडे करून साच्यात दाबून घडवलेले असतात, म्हणूनच त्यांच्या पातळ मागच्या घेराची जाडी सगळीकडे सारखी राहते. ओतीव पेलेटमध्ये हवेचे बुडबुडे राहतात, साच्याच्या जोडाची रेघ उठते आणि वजन एकसारखे येत नाही. शिवाय शिसे 327 अंश सेल्सिअसला वितळते, आणि घरच्या शेगडीवर ते तापवताना उठणारी काजळी व धूळ ज्या स्वयंपाकघरात रात्री पोळ्या होणार तिथेच बसते. पैसे वाचवायचे असतील तर सरावासाठी मध्यम दर्जाचा डबा घ्यावा, पण ओतकामाच्या वाटेला जाऊ नये.

गुण किती बारीक फरकाने जातात, हे आधी लक्षात घ्यायला हवे. एअर रायफलच्या टार्गेटवरील दहाचा ठिपका अवघा 0.5 मिलिमीटरचा असतो आणि दशांश गुणांकनात प्रत्येक 0.1 गुण म्हणजे पाव मिलिमीटर. पेलेट केंद्रापासून एक मिलिमीटर सरकले, की 10.9 चे, म्हणजे एका शॉटच्या सर्वाधिक गुणांचे, 10.5 होतात. साठ शॉट्सच्या फेरीत हे अंतर कुठवर पोहोचते, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. पिस्तुलात दहाचे वर्तुळ 11.5 मिलिमीटरचे असल्याने तिथे पेलेटमधला दोष उशिरा दिसतो, म्हणून पिस्तूलवाले या बाबतीत अधिक बेफिकीर असतात.

सर्वांत जास्त नुकसान स्कर्टचे होते, म्हणजे पेलेटच्या मागच्या पोकळ घेराचे. हवेचा दाब आल्यावर हाच घेर फुलून नळीच्या खाचांना घट्ट बसतो, आणि तो कुठे दबलेला असेल तर हवा एका बाजूने निसटते आणि पेलेट नळीतून बाहेर पडतानाच कलंडते. माझ्याकडे येणारी एक मुलगी मानेवाड्याहून रेंजपर्यंत स्कूटीच्या डिकीत पेलेटचा डबा घेऊन येत असे. अर्धा रिकामा झालेला डबा वाटेतल्या प्रत्येक गतिरोधकावर खुळखुळायचा. तिचे पहिले पंधरा-वीस शॉट चांगले जायचे आणि नंतर मधूनच एखादा कुठे तरी डावीकडे जायचा. आम्ही दोघांनी तीन आठवडे तिच्या ट्रिगर बोटावर मेहनत घेतली, कारण लक्षण हुबेहूब ट्रिगर झटकण्याचे होते. शेवटी मी तिच्या डब्यातले पेलेट एकेक करून खिडकीच्या काचेच्या तुकड्यावर घरंगळत सोडले. चांगले पेलेट एका संथ कमानीत वळत जाते, कारण त्याचे डोके आणि स्कर्ट यांच्या व्यासात फरक असतो. दबलेले पेलेट मात्र चालता चालता डुगडुगते. त्या डब्यात डुगडुगणारी इतकी निघाली की तिने डबा तिथेच बाजूला ठेवला. तिच्यावर मी विनाकारण घेतलेली मेहनत मला आजही सलते, कारण त्या तीन आठवड्यांत तिच्या मनात स्वतःच्या बोटाबद्दल शंका रुजली आणि ती निघायला डबा बदलण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला. डब्यात पेलेटच्या वर बसणारी फोमची चकती ठेवावी, ती नसेल तर स्वच्छ रुमालाची घडी ठेवली तरी चालते, आणि डबा डिकीत न ठेवता पाठीवरच्या पिशवीत ठेवावा.

दुसरी चूक पेलेटच्या डोक्याच्या, म्हणजे पुढच्या भागाच्या, मापाची. एकाच ब्रँडचे, एकाच नावाचे पेलेट 4.49, 4.50, 4.51 मिलिमीटर अशा वेगवेगळ्या मापांत मिळतात आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने काय फरक पडणार, असे वाटून दुकानात जे असेल ते उचलले जाते. कुठल्या नळीला कुठले माप रुचेल हे नळीच सांगते. त्यासाठी रायफल घट्ट बांधून, एका मापाचे किमान तीन ग्रुप, प्रत्येकी दहा शॉट्सचे, कागदावर घ्यावेत आणि मगच तुलना करावी. हातात धरून पाच शॉट मारून डब्याचा निकाल लावणाऱ्याला खरे तर त्या दिवशीचा स्वतःचा श्वास मोजायला मिळतो. माप ठरले की डब्यावरील लॉट क्रमांक, म्हणजे एका खेपेत बनलेल्या मालाचा क्रमांक, वहीत उतरवून ठेवावा आणि शक्य असल्यास त्याच लॉटचे पुढच्या काही महिन्यांचे डबे एकदम घ्यावेत, कारण माप तेच असले तरी लॉट बदलला की ग्रुप बदलू शकतो. स्पर्धेच्या आठवड्यात नवा डबा उघडणे तर कटाक्षाने टाळावे.

वजनाच्या बाबतीत मात्र लोक गरजेपेक्षा जास्त अडकतात. रायफलचे पेलेट साधारण 0.53 ग्रॅमचे आणि पिस्तुलाचे त्याहून थोडे हलके असते. इतवारीच्या सराफ्यात मिळतो तसला मिलिग्रॅमचा काटा आणून पाचशे पेलेट तोलत बसणारे पालक मी पाहिले आहेत. चांगल्या डब्यातील वजनाचा फरक दहा मीटरवर क्वचितच जाणवतो. त्याच वेळात पेलेट काचेवर घरंगळवली असती तर अधिक उपयोग झाला असता.

भरतानाही घाई नडते. पिस्तुलात पेलेट अंगठ्याने शेवटपर्यंत आत सरकवले नाही, तर झाकण बंद होताना स्कर्टची कड चिरडते. हे सहसा सामन्याच्या शेवटच्या दहा मिनिटांत घडते, जेव्हा घड्याळाकडे नजर जात असते. नळी साफ करण्यासाठी फेल्टच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, छोट्या गोळ्या वापराव्यात, लोखंडी गज कधीही घालू नये, आणि साफसफाईनंतरचे पहिले काही शॉट भरकटतात हे गृहीत धरून ते सरावाच्या शॉट्समध्येच संपवावेत. कॉम्प्रेस्ड हवेच्या भागांना मनाने तेल लावू नये, कारण उच्च दाबाच्या हवेत पेट्रोलियम तेल पेट घेऊ शकते.

नागपूरच्या उन्हाळ्याचा एक स्वतंत्र धडा आहे. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो तेव्हा बंद गाडीच्या आतले तापमान सहज 65 अंशांपर्यंत पोहोचते. एसी खोलीत 25 अंशांवर 200 बार दाबापर्यंत भरलेला रायफल-पिस्तुलाचा हवेचा सिलिंडर अशा गाडीत राहिला, तर दाब सुमारे 227 बार होतो. सिलिंडर सावलीत आणि घरातच ठेवावा, त्यावर छापलेली वापराची मुदत तपासावी, आणि ती संपली असेल तर तो कितीही धडधाकट दिसला तरी वापरू नये. स्पर्धेच्या साहित्य तपासणीत मुदत पाहिली जाते आणि ती सांभाळण्याची जबाबदारी खेळाडूची असते. पावसाळ्यात याउलट दमटपणा त्रास देतो. लाकडी कपाटात किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात सुटे ठेवलेले पेलेट काही महिन्यांत पांढरट भुकटीने माखतात, कारण लाकूड आणि पुठ्ठा यांतून सुटणारी आम्लाची वाफ शिसे गंजवते. अशी पेलेट पुसून वापरू नयेत. ती भुकटी विषारी असते आणि नळीतही जाते.

शिशाच्या विषारीपणाबद्दल आपण जितके बोलतो तितके वागत नाही. सकाळच्या सरावानंतर मुले रेंजबाहेरच्या ठेल्यावर तर्री-पोह्यांसाठी धावतात आणि ज्या बोटांनी साठ पेलेट भरली त्याच बोटांनी वरचा शेव आणि चणे वेचून खातात. सॅनिटायझरने शिसे जात नाही, साबण आणि पाणीच लागते, म्हणून आमच्याकडे आता हात धुतल्याशिवाय कोणाला फाटकाबाहेर सोडत नाही. पेलेट ओठांत धरून भरण्याची सवय तर दिसल्या क्षणी मोडावी. पेलेट ट्रॅपभोवतीची, म्हणजे टार्गेटमागे पेलेट अडवणाऱ्या पेटीभोवतीची, जमीन कोरडी झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी, आणि ट्रॅपमध्ये साठलेले चपटे शिसे घट्ट झाकणाच्या डब्यात भरून शिसे घेणाऱ्या भंगारवाल्याकडे द्यावे. ते घरी नेऊन वितळवण्याची कल्पना एखाद्या मुलाने काढलीच, तर त्याच्या आईवडिलांना त्याच दिवशी फोन करावा.