छोट्या व्यवसायाचे उद्दिष्ट नेमके कसे ठरवावे

तुमचा व्यवसाय कशाचा आहे, असे विचारल्यावर अनेक छोटे व्यावसायिक उत्तरादाखल यादी सांगतात. घरगुती खाद्यपदार्थांच्या व्यवसायात तर हे हमखास आढळते: थालिपिठाची भाजणी, मेतकूट, चकली, पुरणपोळी, वाढदिवसाचे केक, आणि सांगितलेच तर लहान समारंभाचा स्वयंपाकही. यातला प्रत्येक पदार्थ कोणी तरी मागितला म्हणून यादीत आलेला असतो, आणि सुरुवातीच्या दिवसांत आलेल्या मागणीला नकार देणे कोणालाच परवडत नाही. दोन-तीन वर्षांनी मात्र काम वाढलेले, हात दमलेले आणि शिल्लक जवळपास तेवढीच, अशी अवस्था येते. मग व्यवसायाला दिशा नाही असे वाटू लागते आणि ती शोधण्यासाठी माणूस पाच वर्षांनंतरची स्वप्ने कागदावर लिहायला बसतो.

माझ्या मते सुरुवात तिथून करू नये. बहुतेक व्यवसायांत दिशा मुळात असते, परंतु ती आजवर स्वीकारलेल्या सगळ्या कामांच्या खाली दबलेली असते. ती शोधायची तर आधी झालेला व्यवहार तपासावा आणि भविष्याचा विचार त्यानंतर करावा. पुढची पद्धत घरगुती खाद्यपदार्थांच्या उदाहरणाने सांगितली आहे, परंतु शिवणकाम, छपाई, शिकवणी वा दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्यांनाही ती थोड्या फरकाने वापरता येईल.

१. वर्षभराचा व्यवहार तासांच्या हिशेबात मांडा

मागच्या 12 महिन्यांच्या ऑर्डर एकत्र करा. वही नीट ठेवली नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश आणि यूपीआयच्या नोंदी यांवरून बहुतेक चित्र उभे राहते. प्रत्येक पदार्थापुढे चार गोष्टी लिहा: विक्रीची किंमत, साहित्य-गॅस-पिशवी यांचा खर्च, उरलेली रक्कम, आणि तो पदार्थ तयार करून गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत लागलेले माणसाचे तास. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच सोडला जातो, कारण घरच्या माणसांच्या मजुरीचा हिशेब करण्याची आपल्याकडे पद्धत नाही. स्वतःची मजुरी शून्य धरली की प्रत्येक पदार्थ फायद्याचाच दिसतो.

समजण्यापुरते आकडे घेऊ. भाजणी 280 रुपये किलोने विकली जाते आणि धान्य, दळण, गॅस, पिशवी मिळून 150 रुपये खर्च येतो, म्हणजे किलोमागे 130 रुपये उरतात. 10 किलोचा एक घाणा निवडणे, भाजणे, दळून आणणे आणि पिशव्या भरणे यांत 5 तास गेले, तर तासाला 260 रुपये पडले. पुरणपोळी 30 रुपयांना जाते, तिचा खर्च 14 रुपये आहे आणि पुरण शिजवण्यापासून धरले तर तासाला सरासरी 12 पोळ्या होतात. म्हणजे तासाला 192 रुपये. एक किलोचा केक 700 रुपयांचा, त्याचे साहित्य आणि खोका 370 रुपयांचा, आणि भाजणे, सजावट व पोहोचवणे यांत तीन तास जातात. तासाला 110 रुपये. गंमत अशी की कौतुक, छायाचित्रे आणि नव्या चौकशा सगळ्यांत जास्त केकच्याच वाट्याला आलेल्या असतात, त्यामुळे मनात व्यवसायाचे जे चित्र असते त्यात केक मध्यभागी असतो.

या तक्त्यावरून लगेच निर्णय घेऊ नका. तासाचा दर कमी असलेला पदार्थही कधी कधी नवे गिऱ्हाईक घेऊन येतो. तसे होते का हे तपासणे अवघड नाही: केक नेलेल्या किती घरांनी नंतर दुसरे काही मागवले, हे त्याच नोंदींमध्ये सापडते. शिवाय टिकाऊपणाही पाहावा. भाजणी सवडीने करून ठेवता येते. पुरणपोळी आणि केक यांना गिऱ्हाइकाच्या वेळेनुसारच धावावे लागते, आणि त्या धावपळीची किंमत तक्त्यात पूर्णपणे येत नाही.

२. पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिऱ्हाइकांशी बोला

ज्यांनी वर्षात किमान तीन वेळा खरेदी केली आहे अशा दहा-बारा जणांची यादी करा. नातेवाईक आणि शेजारी त्यातून वगळा, कारण ते तुमच्यासाठी विकत घेतात की पदार्थासाठी, हे त्यांनाही सांगता येणार नाही. ‘आवडले का?’ हा प्रश्न विचारू नये. त्याला आपल्याकडे ‘छानच होते’ याखेरीज दुसरे उत्तर सहसा मिळत नाही. त्याऐवजी घडलेल्या गोष्टींविषयी विचारावे: मागची भाजणी कधी संपली, घरात ती कोण खाते, आमच्याकडे घेण्याआधी कुठून आणत होता, आणि आम्ही दोन महिने बंद राहिलो तर काय कराल. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत उपयोगी असते. ‘दुसऱ्या दुकानातून आणू’ असे कोणी सहज म्हणाले, तर त्या पदार्थात तुमचे वेगळेपण नाही. ‘मग थालीपीठच होणार नाही, कारण सकाळी डबे करायचे असतात आणि भाजणी करायला आता घरात कोणी नाही’ असे उत्तर आले, तर तुमचा व्यवसाय कोणाच्या कोणत्या अडचणीवर उभा आहे, हे तुम्हाला त्या घरातूनच कळले.

उत्तरे ऐकताना आपली बाजू मांडू नये आणि ऐकलेले शब्द जसेच्या तसे लिहून घ्यावेत. पुढच्या पायरीत तेच उपयोगी पडतात.

३. एक वाक्य लिहा आणि ते समोरच्या दुकानाला लावून पाहा

आता व्यवसायाचे उद्दिष्ट एका वाक्यात लिहा. त्यात कोणासाठी, काय, कोणत्या परिसरात आणि ते तुमच्याकडूनच का घ्यावे, या चार गोष्टी याव्यात. ‘उत्तम दर्जा, वाजवी दर, तत्पर सेवा’ हे शब्द वगळावेत. ते निम्म्या बाजारपेठेच्या पाट्यांवर असतात. वाक्य पारखण्याची रीत सोपी आहे. तुमच्याच धंद्यातल्या समोरच्या दुकानाने ते वाक्य आपल्या पाटीवर लिहिले तर चालेल का? चालणार असेल तर ते पुन्हा लिहा.

वरच्या उदाहरणातून निघणारे वाक्य काहीसे असे असेल: ‘सकाळी नोकरीला निघणाऱ्या घरांसाठी, आमच्या शहरात, दर महिन्याला ताजी भाजलेली भाजणी, मेतकूट आणि डब्याला उपयोगी पडणारी पिठे ठरलेल्या तारखेला घरपोच देणे.’ हे भव्य नाही, आणि नसलेलेच बरे. यावरून खरेदी, वेळापत्रक, पिशवीचा आकार आणि जाहिरात कुठे करावी हे सगळे ठरवता येते. ‘महाराष्ट्राची चव जगभर पोहोचवणे’ यावरून उद्या सकाळी काय करायचे ते ठरत नाही.

वाक्याच्या खाली दोन आकडे लिहावेत: घराला या व्यवसायातून दरमहा किती रक्कम हवी आहे, आणि घरातली माणसे आठवड्याला किती तास देणार आहेत. हे आकडे एकट्याने ठरवू नयेत. स्वयंपाकघर, ओटा आणि रविवारची दुपार ही सगळ्यांची असते. ज्यांना विचारलेले नसते त्यांची नाराजी पुढे कामात अडथळा बनून येते. व्यवसाय लहानच ठेवायचा आहे, हा निर्णयही पूर्ण आदराने घेण्यासारखा आहे. तो स्पष्टपणे घेतला नाही तर मात्र इतरांची वाढ पाहून आपण उगीचच मागे पडलो असे वाटत राहते.

४. काय करणार नाही, याची यादी करा

लक्ष एका जागी राहते ते बहुतांशी नकारांमुळे. या बाबतीत मुंबईतल्या श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड या संस्थेचा प्रारंभ अभ्यासण्यासारखा आहे. 15 मार्च 1959 रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. तोटा झाला तरी देणगी किंवा मदत मागायची नाही, असे त्यांनी आरंभीच ठरवले होते. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत, म्हणजे एक चांगला आणि एक हलक्या प्रतीचा, स्वस्तात विकण्यासाठी. त्यांचे मार्गदर्शक छगनलाल करमसी पारेख यांनी एकच प्रमाणित पापड करावा आणि दर्जात तडजोड करू नये, असा सल्ला दिला. स्वस्त माल बंद करणे म्हणजे हाती असलेली विक्री सोडणे होते, तरीही तो सल्ला मानला गेला. पहिल्या वर्षाची विक्री 6,196 रुपयांची झाली.

या इतिहासातला मला सर्वांत बोधक वाटणारा भाग पावसाळ्याचा आहे. पहिल्या वर्षी ऊन नसल्यामुळे पापड वाळेनात आणि चार महिने काम बंद ठेवावे लागले. अशा वेळी चार महिन्यांसाठी दुसरा पदार्थ सुरू करण्याचा मोह कोणालाही झाला असता. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला; पापड खाटेवर पसरले आणि खाली स्टोव्ह पेटवून ते वाळवले. अडचण पापड वाळवण्याच्या साधनात होती आणि त्यांनी साधनच बदलले. तुमच्या व्यवसायात अडथळा आला की हाच भेद करून पाहावा: गिऱ्हाइकाला वस्तू हवी आहे परंतु आपल्याला ती वेळेवर देता येत नाही, की वस्तूच कोणाला नको आहे? पहिल्या प्रकारात पद्धत बदला. उद्दिष्टाचा पुनर्विचार फक्त दुसऱ्या प्रकारात करायचा असतो.

याच संस्थेने 1970 च्या दशकात पिठाच्या गिरण्या, छपाई आणि वेष्टनाचे विभाग सुरू केले, तसेच आगपेट्या, चामड्याच्या वस्तू आणि अगरबत्ती यांतही हात घालून पाहिला. पीठ, छपाई आणि वेष्टन पापडाच्याच कामाला लागणारी होती. आगपेट्या, चामडे आणि अगरबत्ती हे उद्योग मात्र यशस्वी झाले नाहीत. त्याची सगळी कारणे इतकी सरळ नसतील, परंतु विस्तार करताना नवे काम जुन्या कामाला मदत करते का, हा प्रश्न यावरून सहज सुचतो.

तुमच्या यादीत चार-पाच नकार पुरेत, मात्र ते नेमके असावेत. ‘केकच्या ऑर्डर घेणार नाही.’ ‘दोन दिवस आधी न सांगितलेली पुरणपोळी करणार नाही.’ ‘तीस दिवसांपेक्षा जास्त उधारी ठेवणाऱ्या दुकानाला माल देणार नाही.’ बंद करायच्या पदार्थाच्या जुन्या गिऱ्हाइकांना अचानक नाही म्हणू नये; महिनाभर आधी कळवावे आणि चांगले काम करणाऱ्या दुसऱ्या कोणाकडे तरी पाठवावे. असे पाठवलेले गिऱ्हाईक दुरावत नाही, आणि ज्याच्याकडे पाठवले तोही पुढे भाजणीची चौकशी तुमच्याकडे वळवतो.

५. पैसा आणि कागदपत्रे उद्दिष्टाच्या मापाने घ्या

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि विनाशुल्क होते, त्यामुळे तिच्यासाठी दलालाला पैसे देऊ नयेत. खाद्यपदार्थ विकणाऱ्याला, घरातून विकले तरी, अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना लागतो. ही कामे उरकून घ्यावीत. त्यांत फार विचार करण्यासारखे काही नाही.

कर्जाचे तसे नाही. मुद्रा योजनेत शिशु गटात 50,000 रुपयांपर्यंत, किशोर गटात 5 लाखांपर्यंत आणि तरुण गटात 10 लाखांपर्यंत कर्ज मिळते. आपण कोणत्या गटात बसतो हे आधी पाहून मग त्या रकमेचे काय करायचे ते ठरवणे, हा उलटा क्रम आहे आणि तो फार वेळा दिसतो. मोठे यंत्र आले की ते रिकामे राहू नये म्हणून भलतीच कामे घ्यावी लागतात आणि आदल्या पायरीतली यादी दोन महिन्यांत मोडते. तुमच्या वाक्यातले काम दुप्पट करण्यासाठी नेमके काय अडते आहे, भाजण्याची कढई, दळणाची वेळ की घरपोच देणारा माणूस, हे ठरवावे आणि तेवढ्याचाच खर्च काढावा.

६. तीन महिने एकच आकडा पाहा

ठरवलेले वाक्य तीन महिने बदलायचे नाही. त्या काळात एकच मुख्य आकडा ठेवावा. आपल्या उदाहरणात तो ‘दर महिन्याला पुन्हा मागवणारी घरे’ हा असेल, कारण एकूण विक्री एखाद्या मोठ्या ऑर्डरने फुगते आणि चुकीचा दिलासा देते. महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशी अर्धा तास बसून तो आकडा लिहावा, किती नकार पाळले आणि किती मोडले तेही लिहावे. एकच नकार पुन्हा पुन्हा मोडत असेल तर त्याचे कारण शोधावे; कदाचित तो नकारच चुकीचा असेल, किंवा भीड पडणारे ते गिऱ्हाईक तुमच्या नात्यातले असेल.

फराळाचे काम करणाऱ्यांनी ऑक्टोबर-नोव्हेंबरचे आकडे वेगळे ठेवून त्यांची तुलना मागच्या दिवाळीशीच करावी. वर्षाचा मोठा आढावा अनेक व्यापारी दिवाळीला, नवी वही सुरू करताना घेतात. फराळवाल्यांना त्या आठवड्यात मान वर करायला फुरसत नसते, तेव्हा त्यांनी तो तुळशीच्या लग्नानंतर, येणी वसूल झाल्यावर घ्यावा.

तीन महिन्यांच्या शेवटी आणखी एक तपासणी करावी. मदतीला येणाऱ्या बाईंना किंवा फोन घेणाऱ्या मुलाला ते वाक्य आणि नकारांची यादी सांगा आणि त्यांच्यावर आठवडाभर ऑर्डर घेण्याचे काम सोपवा. प्रत्येक वेळी ‘विचारून सांगते’ असे म्हणावे लागत असेल, तर वाक्यात अजून संदिग्धता आहे. ज्या प्रश्नांवर त्या अडल्या, ते प्रश्न लिहून घ्या आणि तिसऱ्या पायरीवर परत जाऊन त्यांची उत्तरे वाक्यात किंवा यादीत घाला.