बोटीतली लिथियम बॅटरी

माझी रिमोटवर चालणारी छोटी टग बोट (जहाजं ओढणाऱ्या बोटीची प्रतिकृती) आधी ६ व्होल्टच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीवर चालायची. ते विटेसारखं धूड एकदा वैतागून काढलं, त्या जागी हलकीशी लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) ठेवली आणि बोट पाण्यात सोडली. बोट बुचासारखी वर आली. पाण्याखाली असायला हवा तो तांबडा पट्टा चांगला दोन बोटं वर, आणि पहिल्याच वळणावर ती आडवी झाली. जुनी बॅटरी वीज तर देत होतीच, पण बोटीचं बूडही तीच धरून होती.

म्हणून आधी बोट कसली आहे ते बघा. टग, मासेमारीची बोट, सावकाश चालणारं जहाज यांत मी आता लायपो घालतच नाही, लिथियम आयर्न फॉस्फेट घालते. हिचा एक सेल ३.२ व्होल्टचा. दोन सेल मिळून ६.४ होतात, ते ६ व्होल्टच्या जुन्या बॅटरीच्या जागी मोटर न बदलता चालतात. १२ व्होल्टच्या जागी चार सेल, म्हणजे १२.८. लायपोपेक्षा ही सहजासहजी भडकत नाही आणि टिकतेही कितीतरी जास्त. वजन कमी पडेल तेवढे शिशाचे तुकडे अगदी तळाला, मध्यरेषेवर चिकटवा. चार्जरवर प्रकार मात्र नीट निवडा. हिचा सेल ३.६ व्होल्टला भरतो, लायपोचा ४.२ ला. लायपोच्या सेटिंगवर हिला लावलीत तर चार्जर भरलेल्या सेलमध्ये आणखी कोंबत राहील.

वेगाच्या बोटीला लायपोच हवी. तीन सेलचा पॅक, म्हणजे ‘३ एस’, ११.१ व्होल्टचा. त्यावर ५००० एमएएच (म्हणजे ५ अँपिअर-तास) आणि ३० सी (क्षमतेच्या ३० पट करंट) लिहिलं असेल तर ५ गुणिले ३० असे १५० अँपिअर मिळायला हवेत. छापलेला सी मी निम्माच धरते आणि त्यावर बोट चालेल का ते बघते. वेग हवा म्हणून चौथा सेल घालायचा मोह सगळ्यांना होतो. २००० केव्हीची, म्हणजे व्होल्टमागे मिनिटाला २००० फेरे घेणारी मोटर ११.१ वर बिनओझ्याची मिनिटाला २२ हजार फेरे घेते, १४.८ वर जवळजवळ ३० हजार. पंखा (प्रोपेलर) तोच ठेवलात तर पाणी कापायला लागणारा करंट फेऱ्यांच्या कितीतरी पुढे पळतो. सेल वाढवला की पंखा लहान करायचा.

गाडीवरून बोटीकडे आलेल्यांचं एक गणित हमखास चुकतं. गाडी थ्रॉटल सोडल्यावर घरंगळते, तेवढीच बॅटरीला उसंत. बोटीला पाणी सतत मागे ओढत असतं, त्यामुळे करंट सतत वाहतो. ५००० एमएएचपैकी ८० टक्केच वापरायचे, म्हणजे ४ अँपिअर-तास. बोट सरासरी ४० अँपिअर खात असेल तर झाली ६ मिनिटं. रिमोटवर ५ मिनिटांचा टायमर लावा. बॅलन्स वायरला, म्हणजे प्रत्येक सेलला जोडलेल्या बारीक वायरींना लावायचा, बॅटरी उतरली की ओरडणारा तो बझर काठावर उभं राहिलं की ऐकूच येत नाही. माझा एक तर हलच्या (बोटीच्या पोकळ अंगाच्या) आत बिचारा ओरडून ओरडून गप्प झाला होता.

बोटीत लायपो असेल तर ईएससीत (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटमध्ये) बॅटरीचा प्रकार लायपोच ठेवा आणि कट-ऑफ, म्हणजे बॅटरी किती उतरल्यावर मोटर थांबवायची तो आकडा, सेलमागे ३.४ व्होल्टच्या आसपास. मी एकदा नवी ईएससी पेटीतून काढली तशीच बसवली. ती निकेल बॅटरीच्या सेटिंगवर होती. बोट मस्त पळाली, नेहमीपेक्षा जास्तच वेळ, आणि मी खूश. घरी येऊन मीटर लावला तर तीन सेल: ३.४, ३.३ आणि २.६. आठवड्याभराने पॅक हातात घेतला, अंगठ्याने दाबला तर उशीसारखा आत गेला आणि परत वर आला. पूर्ण बंद करण्याऐवजी ताकद कमी करणारा कट-ऑफ असेल तर तोच निवडा, बोट रांगत का होईना काठाला लागते.

शेवाळ किंवा वेल पंख्यात अडकली की बोट मंदावते आणि आपल्या हाताचं बोट आपोआप थ्रॉटल वाढवतं. नेमकं तेच करायचं नाही. अडलेली मोटर सगळ्यात जास्त करंट ओढते. थ्रॉटल शून्यावर आणा आणि बोट आणायला दुसरं काही शोधा. हळू बोटीत बॅटरीजवळ एक फ्यूज घाला.

आता पाणी. हलमध्ये ते येतंच, कुठून आलं ते शोधत बसलात तर मोसम संपेल. बॅटरी तळाला टेकवू नका, एक बोटभर उंच फळीवर वेल्क्रोने बांधा. ती पुढे-मागे सरकवून बोटीचा तोलही साधता येतो. बॅटरीच्या वायरी आखूडच ठेवा. लांबी वाढवायचीच असेल तर मोटरच्या बाजूला वाढवा, नाहीतर ईएससीचे कपॅसिटर मार खातात. बॅलन्सचा तो छोटा पांढरा प्लग सगळ्यात दुबळा. माझ्या एका पॅकच्या प्लगमध्ये डोकावले तर पिनांवर हिरवी भुकटी होती, आणि एक सेल चार्जरला दिसेचना. तेव्हापासून त्यावर टोपी असते आणि तोंड वर. काही जण बॅटरी फुग्यात घालतात. पाणी अडतं खरं, पण उष्णताही आतच राहते. खाऱ्या पाण्यात बुडालेला पॅक मी पुन्हा वापरत नाही.

चार्जिंग बोटीत कधीच नको. पॅक बाहेर काढा, हाताला थंड लागेपर्यंत थांबा, मग फरशीवर, आसपास जळण्यासारखं काही नसताना, बॅलन्स मोडमध्ये (सगळे सेल सारखे भरणाऱ्या) लावा. ५००० एमएएचला ५ अँपिअर पुरे. चार्जरवर सेलची संख्या दोनदा वाचा आणि जवळच थांबा. शून्य अंशाखाली थिजलेली बॅटरी आधी घरात गरम होऊ द्या. दोन-तीन दिवसांत बोट न्यायची नसेल तर लायपो स्टोरेज मोडवर सेलमागे ३.८ व्होल्टला आणून ठेवा. भरून ठेवलेला पॅक कपाटात म्हातारा होतो.

जोडताना आधी रिमोट सुरू, मग बॅटरी, आणि पंख्यापाशी हात नको. काढताना उलट.

धूर दिसला तर हलचं झाकण उघडायला वाकू नका. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड असतं. लांब उभं राहा, आणि आग पसरणारी असेल तर वाऱ्याच्या वरच्या बाजूने भरपूर पाणी मारा. फुगलेल्या पॅकला सुई टोचून हवा काढायची कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली असेल त्याला नमस्कार. तसा पॅक उघड्यावर, वाळूच्या डब्यात ठेवा, दोन्ही टोकांना वेगवेगळी चिकटपट्टी लावा आणि बॅटरी गोळा करणाऱ्या केंद्रात द्या, घरच्या कचऱ्यात नाही.