हंगामापूर्वी कोडिंग सहायक पुन्हा चालू करताना

जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढण्याचा, हंगाम आटोपला की जळगाव-धुळ्याकडे या धंद्याच्या सॉफ्टवेअरचे काम मंदावते, आणि कोडिंगसाठी ठेवलेल्या एआय सहायकाचे रिमाइंडर व संदर्भाच्या (आधीची माहिती त्याच्यापुढे ठेवण्याच्या) सोयी आपण उन्हाळ्यात थांबवून ठेवतो. दसऱ्याच्या सुमारास नवा कापूस दिसू लागला की सगळे एकदम चालू करण्याचा मोह होतो, तो आवरावा.

लॉगिन, वर्गणीची मुदत, इंटरनेट यांविषयी सांगत बसत नाही. गिटमध्ये, म्हणजे कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, अर्धवट बदल पडून नाहीत, एवढे पाहून घ्यावे.

त्यानंतर, दुसऱ्या कशालाही हात लावण्यापूर्वी, सहायकासाठी लिहून ठेवलेली टिपणांची फाईल उघडून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी. सहायक क्लॉड कोड (अँथ्रॉपिक कंपनीचा) असेल तर क्लॉड डॉट एमडी ही फाईल तो प्रत्येक सत्राच्या आरंभी आपणहून वाचतो, आणि तिच्यातील मजकूर कोणत्या वर्षीचा आहे याची चौकशी करीत नाही. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२४-२५ च्या हंगामात क्विंटलला ७,५२१ रुपये होता, २०२५-२६ साठी तो ८,११० झाला. सीसीआयची (भारतीय कापूस महामंडळाची) हमीभावाने खरेदी चालणाऱ्या जिनिंगच्या हिशेबात टिपणातला जुना आकडा शिरला, तर सहायक कोडही त्यावरच लिहितो आणि चाचणीही त्यावरच बेततो. चाचणी अर्थातच उत्तीर्ण होते, आणि चूक उघडकीस येते ती शेतकरी पावती हातात घेऊन टेबलापाशी उभा राहतो तेव्हा. गेल्या खेपेस माझी हीच फाईल वाचायची राहिली होती, त्यामुळे आग्रह आहे असे समजा: फाईल वाचा, आणि वरवर चाळू नका. मुख्य फोल्डरमधली वाचली म्हणून थांबू नये. वैयक्तिक होम फोल्डरमध्ये वेगळी असते, उपफोल्डरांतही असू शकतात. मेमरी ही आज्ञा दिली की कोणत्या फायली उचलल्या जात आहेत ते दिसते.

मात्र जुने दिसले की खोडले, असेही करू नये. ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेल्यास भावात कपात आणि १२ टक्क्यांपुढे खरेदी नाही, अशा नियमाची ओळ ताज्या परिपत्रकाशी ताडून ठेवावी. बदलणारे आकडे टिपणात ठेवूच नयेत. ते कोणत्या तक्त्यातून घ्यायचे एवढेच तेथे लिहावे.

आता रिमाइंडर. लिनक्सवरील ठरल्या वेळी काम चालवणारा क्रॉन चुकलेली वेळ सोडून देतो, अ‍ॅनाक्रॉन राहिलेले काम यंत्र सुरू झाल्यावर उरकतो. आपले रिमाइंडर कोणत्या जातीचे आहेत हे आधी ठरवावे, नाहीतर मे महिन्यातील बॅकअपची आठवण ऑक्टोबरात येऊन पडते. वेळाही तपासाव्यात. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरील अ‍ॅक्शन्स या स्वयंचलित सोयीत वेगळे सांगितले नसेल तर वेळ यूटीसीप्रमाणे (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे) धरली जाते, म्हणजे आपल्याकडील सकाळी ९ साठी तेथे ३:३० लिहावे लागतात. तेथील कोडचे भांडार सार्वजनिक असेल आणि त्यात ६० दिवस काहीच हालचाल झालेली नसेल, तर तेथील वेळापत्रक आपोआप बंद पडलेले असते. ते हाताने चालू करावे लागते.

मग संदर्भ चालू करावा, पण टिपणांची फाईल वाचून झाली असेल तरच. झाली नसेल तर येथूनच मागे फिरावे. उन्हाळ्यापूर्वीचे संभाषण पुढे ओढण्यापेक्षा नवे सत्र उघडावे, कारण त्या संभाषणातही जुने आकडे असतातच, आणि ते फाईल दुरुस्त केल्याने दुरुस्त होत नाहीत. नव्या सत्रात पहिलाच प्रश्न हमीभाव कोठून घेणार हा विचारावा. उत्तरात तक्त्याऐवजी आकडा आला, तर कोठेतरी एक फाईल वाचायची राहिली आहे.

हुक (ठराविक घटनेवर आपोआप चालणाऱ्या आज्ञा) आणि बाहेरच्या जोडण्या शेवटी, एकेक करून. रिमाइंडर पहिले दोन दिवस फक्त स्वतःच्या फोनवर येऊ द्यावेत, नंतर गटाला जोडावेत.