खाचरातली ढोकरी आणि मुठ्यांचं आमिष

लावणी आटोपली की कोकणातल्या खाचरांच्या बांधावर मान आखडून उभी राहिलेली ढोकरी दिसू लागते. कुणी तिला वंचक म्हणतात, कुणी भुरा बगळा. बसली की चिखलाच्या रंगात मिसळते, उडाली की पांढरेशुभ्र पंख. जेमतेम दीड फुटाचा पक्षी. पाय आखूड, म्हणून उथळ पाण्याच्या कडेलाच थांबते. नाकतोडे, पाणकिडे, बेडूक, मासळी, खेकडे खाते. भाताला चोच लावत नाही.

पावसाळा हा तिच्या विणीचा काळ. पाठ गडद तांबूस होते, डोक्यावर लांब तुरे येतात. चिंच, आंबा, वडावर काटक्यांची घरटी, त्यात 3 ते 5 निळसर-हिरवी अंडी. पिल्लांचा घास येतो तो आपल्याच खाचरातून. तिथे पडलेलं विषही त्याच वाटेने जातं.

म्हणून सर्वांत जास्त जपून वापरायचं ते मुठ्यांचं, म्हणजे बांधातल्या खेकड्यांचं, विषारी आमिष. मुठे बांध पोखरतात, पाणी वाहून जातं, तेव्हा बंदोबस्त हवाच. पण विषारी भाताचे गोळे बांधावर उघडे टाकू नका. हातमोजे घालून गोळा बिळात ठेवा, काठीने आत सारा आणि तोंड चिखलाने लिंपा. दुसऱ्या दिवशी मेलेले मुठे वेचून खोल पुरा. या वेचण्याचाच सगळ्यांना कंटाळा, आणि नेमका तोच मुठा ढोकरीच्या पोटात जातो. फोरेट या कीटकनाशकाच्या वापरावर 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे. माळ्यावर जुनी पिशवी असेल तरी ती खाचरात रिकामी करू नका.

खोडकिडीने सुकलेले गाभे 5 टक्क्यांपर्यंत पोचत नाहीत तोवर औषध नको. सुरळीतल्या अळीसाठी खाचरात पाणी असताना दोघांनी पिकावरून दोरी ओढावी, मग पाणी काढून द्यावं. पक्षीथांबे, म्हणजे पक्ष्यांना बसायला काठ्या, जरूर लावा, मात्र ते कोतवाल पक्ष्यासाठी. ढोकरीला बांधच पुरतो.

शेततळ्यात मत्स्यबीज सोडलेल्यांची तक्रार खरी आहे, ढोकरी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी मासळी, उचलते. कडेच्या उथळ पाण्यावर दोऱ्या ताणून बांधा. सैल नायलॉनची जाळी नको, तिच्यात पाय अडकून पक्षी मरतो. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार तिला मारणं गुन्हा आहे.

घरट्यांच्या झाडाखाली घाण होते, वासही येतो. फांद्या छाटायच्याच असतील तर दिवाळीनंतर, घरटी रिकामी झाल्याचं पाहून छाटा.