टोपी न फुटलेला दिवस: ओक्लाहोमात हवामानशास्त्र शिकायला येणाऱ्यांसाठी

ओक्लाहोमातल्या नॉर्मन शहरात हवामानशास्त्र शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच मे महिन्यात टोर्नॅडो पाहायचा असतो. वादळांच्या पाठलागाचे बहुतेक दिवस मात्र काहीही न दिसता मावळतात. अशा दिवसाला इथे ‘बस्ट’ म्हणतात, आणि माझ्या मते नवशिक्याने तो मन लावून अभ्यासावा.

असाच एक दिवस सांगतो. तीव्र वादळांचे अंदाज देणाऱ्या स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर या सरकारी केंद्राच्या सकाळच्या नकाशात टेक्सास पॅनहँडलच्या, म्हणजे टेक्सासच्या उत्तर टोकाच्या पट्ट्याच्या, पूर्व भागावर ‘एनहान्स्ड’, म्हणजे पाचांपैकी तिसऱ्या पायरीचा धोका दाखवला होता. मेक्सिकोच्या आखातावरून आलेली दमट हवा, तिच्या पश्चिमेला कोरड्या हवेची सीमा म्हणजे ड्राय लाइन, आणि जमिनीलगत आग्नेयेकडून तर वर नैर्ऋत्येकडून वाहणारा जोरदार वारा, असे सगळे जुळून आले होते. आम्ही इंटरस्टेट 40 ने एल्क सिटीवरून शॅमरॉक गाठले आणि गावाबाहेर उघड्यावर थांबलो.

दुपार कलल्यावर पश्चिमेला क्युम्युलस ढगांचे मनोरे चढू लागले. त्यांच्या कडा फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या ठसठशीत होत्या, पण काही मिनिटांतच माथे वाऱ्याने कलले, कडा विसविशीत झाल्या आणि ढग मधूनच विरून गेला. शेजारी दुसरा उठला, त्याचीही तीच गत झाली. सूर्य मावळेपर्यंत हेच चालले. उत्तरेला कॅन्ससमध्ये रडारवर एक वादळ दिसत होते, पण तिथे पोहोचेपर्यंत अंधार पडला असता, म्हणून आम्ही गेलो नाही. नवख्यांनी अंधारात टोर्नॅडोच्या मागे मुळीच जाऊ नये.

ढग विरण्याचे कारण ‘कॅप’. मेक्सिको आणि नैर्ऋत्य अमेरिकेच्या पठारांवर तापलेली कोरडी हवा पूर्वेकडे सरकते आणि दमट थरावर टोपीसारखी बसते. खालून वर चढणारी हवा या उबदार थरात शिरली की भोवतालच्या हवेपेक्षा थंड ठरते आणि तिथेच अडते. मात्र ही टोपी नसती, तर दमट हवेतली ऊर्जा दुपारपूर्वीच किरकोळ सरींत खर्च झाली असती. मैदानावरची प्रचंड सुपरसेल, म्हणजे स्वतःभोवती फिरणारी, वादळे तिनेच ऊर्जा राखून ठेवल्यामुळे घडतात, आणि मला या शास्त्रातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. म्हणूनच केपचा (CAPE, म्हणजे वर चढणाऱ्या हवेला मिळू शकणाऱ्या ऊर्जेचा) आकडा किलोमागे 4000 ज्यूल दिसला म्हणून हुरळून जाऊ नका. टोपी फुटली तर किती ऊर्जा मोकळी होईल एवढेच तो आकडा सांगतो, ती फुटेल की नाही हे सांगत नाही.

अंदाज जाणकारांचेही चुकतात. 20 मे 2019 रोजी सर्वोच्च पायरीचा इशारा होता आणि ओक्लाहोमा सिटीच्या शाळा बंद ठेवल्या होत्या. त्या दिवशी टोर्नॅडो झाले, पण भीती होती तसा उद्रेक झाला नाही.

परतीचा प्रवास हलका समजू नका. एप्रिल 2022 मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाचे हवामानशास्त्राचे तीन विद्यार्थी पाठलागाहून परतताना ओल्या महामार्गावर झालेल्या अपघातात दगावले. चालक आळीपाळीने बदला, थकवा आला तर मुक्काम करा.

दुसऱ्या दिवशी अमारिलो आणि नॉर्मनहून सकाळी व संध्याकाळी सातच्या सुमारास सोडलेल्या हवामान-फुग्यांच्या नोंदी शेजारी ठेवून पाहा. 700 हेक्टोपास्कलला, म्हणजे साधारण तीन किलोमीटर उंचीवर, जिथे टोपीची ताकद कळते, तापमान दिवसभरात उतरले की चढले, हे आधी तपासा आणि ते सकाळच्या आपल्या लेखी अंदाजाखाली नोंदवा.