धनादेश वटला नाही, तर वकिलांकडे केव्हा जावे?

उसनवारीपोटी किंवा मालाच्या थकबाकीपोटी मिळालेला धनादेश ‘खात्यात पुरेशी रक्कम नाही’ या शेऱ्यासह परत आला, तर बँकेकडून परतीचा मेमो (धनादेश का परत आला, हे सांगणारी बँकेची चिठ्ठी) ताबडतोब घ्यावा व तो कोणत्या तारखेला हाती आला, याची नोंद ठेवावी. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ नुसार, ही माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत धनादेश देणाऱ्यास रकमेची लेखी मागणी करणारी नोटीस पाठवावी लागते. ती मिळाल्यावर त्याला १५ दिवस मिळतात आणि तेवढ्यात पैसे न आल्यास पुढील एका महिन्यात न्यायालयात तक्रार दाखल करावी लागते.

नोटीस स्वतः लिहिण्यास कायद्याची आडकाठी नाही. तरीही वकिलांकडे मेमो मिळताच जावे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण नोटिशीत धनादेशाच्या रकमेची नेमकी मागणी नसेल, तर पुढे प्रकरण त्याच मुद्द्यावर फेटाळले जाऊ शकते. ‘पुढच्या आठवड्यात नक्की देतो’ या शब्दावर, विशेषतः नात्यातल्या व्यवहारात, अनेकांची मुदत हातची जाते. वकिलांना भेटताना मूळ धनादेश, मेमो आणि देणे सिद्ध करणारी बिले किंवा संदेश सोबत न्यावेत. फी परवडत नसल्यास मोफत कायदेशीर मदतीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. महिलांना तेथे उत्पन्नाची अट नाही.